घेणें आणि देणें

भाद्रपद जवळ आला म्हणजे पेण, हमरापूर येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत दूरध्वनि सारखा खणखणत असतो. अनोळखी गिऱ्हाईक मूर्ति न पाहतांच मागणी नोंदवितें, विसार देऊं करितें. यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु ‘विसार जमा होण्यासाठीं हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका,’ असें तें म्हणालें, कीं तेथेंच थांबावें. यूपीआयच्या व्यवहारांत पिन लागतो तो पैसे देतांना. घेतांना तो कधींच लागत नाहीं.

शेजारच्या रोह्यांत बालपण घालविलेले चिंतामणराव देशमुख १९४३ सालीं ज्या रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, त्याच बँकेनें २०१७ सालीं एक दंडक घालून दिला: आपण होऊन पिन दिल्यास, बँकेस कळवीपर्यंतचें नुकसान खातेदाराचें, कळविल्यानंतरचें बँकेचें. म्हणून फसल्याची लाज धरून गप्प बसूं नये. तत्काळ बँकेस कळवावें व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसा पुढें सरकण्यापूर्वीं ठकाचें खातें गोठवितां येतें. संकोचांत गेलेली प्रत्येक घटका मात्र ठकाच्याच पथ्यावर पडते.