अनंताचं चुलत भावंड आणि एक सर

दादरच्या फुलबाजारात अनंताची फुलं पाहिलीत का? पांढरीशुभ्र, आणि घमघमाट असा की लोकलचा अख्खा डबा भरून जावा. या अनंताचं एक चुलत भावंड चार पावलांवर, उडप्याच्या हॉटेलात, स्टीलच्या पेल्यात वाफाळत असतं. ओळखा कोण? कॉफी! अनंत, कदंब आणि कॉफी, तिघंही एकाच कुळातली. कॉफीचं फूलसुद्धा पांढरं, आणि वासाला थेट जाई-मोगऱ्याच्या पंगतीतलं.

उडप्याकडची कॉफी बहुतेक वेळा कर्नाटकातली असते. कोडगू, चिकमगळूर, हासनच्या डोंगरांवरची. (महाराष्ट्रातही कॉफी होते बरं का! अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला, अगदी इंग्रजांच्या काळापासून. उद्या वर्गात विचारा, किती जणांना ठाऊक आहे ते.)

आता खरी गंमत. कॉफीच्या कळ्या फांदीला चिकटून कोरडे महिने चक्क झोपून काढतात. मार्च-एप्रिलमध्ये एखादी चांगली सर येते, इंच-दीड इंचाची, आणि मग आठ-दहा दिवसांनी सगळी बाग एकदम फुलते. दोन-चार दिवसांत फुलं सुकूनही जातात. ज्यांच्याकडे तळं आहे असे रोबस्टा जातीच्या कॉफीचे मळेवाले तर पावसाची वाट बघतच नाहीत. पंप लावतात, तुषार उडवतात, खोटा पाऊस पाडतात. आणि झाड फसतं!

फुलं एकदम, म्हणून फळं एकदम लाल, म्हणून तोडणी एका दमात. सगळा हिशेब त्या एका सरीवर. पण समुद्र तापले, हवा तापली, आणि पाऊस वाटेल तेव्हा येऊ लागला. जानेवारी २०२१ मध्ये ऐन तोडणीत कोडगू-चिकमगळूरला जोरदार पाऊस झाला. असा अवेळी पाऊस पडला की पिकलेली फळं तडकतात, गळून पडतात. शिवाय झोपलेल्या कळ्याही जाग्या होतात. एकाच फांदीवर लाल फळं नि पांढरी फुलं! फळ तोडायला जावं तर हाताचा धक्का लागून फूल पडतं, म्हणजे पुढच्या वर्षीचं फळ गेलं.

आणि तोडलेली फळं? ती खळ्यावर उन्हात वाळत असतात, चांगले दहा-पंधरा दिवस. लालबागला मसाल्याची मिरची गच्चीवर वाळत घातलेली असताना मे महिन्यात सर आली की आजी कशी ओरडते, "अरे पळा, मिरच्या उचला!" तसंच तिथे, फक्त खळं आपल्या गच्चीच्या कितीतरी पट मोठं. ओल राहिली की बुरशी धरते. काही बुरश्या ऑक्राटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते मूत्रपिंडाला घातक असतं, आणि बी भाजली तरी पूर्ण जात नाही. म्हणून कॉफी विकत घेणारे आधी बीतली ओल मोजतात.

अरेबिका कॉफी तर भलती नाजूक. तिला १५ ते २५ अंश तापमान मानवतं. ऊन वाढलं की पांढरा खोडकिडा खूश! त्याची मादी उन्हाने तापलेल्या खोडाच्या सालीत अंडी घालते, आणि अळ्या आतून खोड पोखरतात. म्हणून मळेवाले फणस, जांभूळ, सिल्व्हर ओक यांची सावली जपतात. वर त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवतात. हुशारच की!

उष्णता सोसणारी कॉफी शास्त्रज्ञ दुसरीकडेही शोधताहेत. आफ्रिकेत सिएरा लिओनच्या जंगलात २०१८ मध्ये स्टेनोफिला नावाची कॉफी पुन्हा सापडली. १९५४ पासून तिथल्या जंगलात ती कुणाला दिसली नव्हती. अरेबिकापेक्षा सहा-एक अंश जास्त उष्ण हवेत ती वाढते, आणि चव घेणाऱ्या बऱ्याच जाणकारांना ती अरेबिकाच वाटली! पण घाई करून चालत नाही. कॉफीच्या रोपाला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात. तुम्ही आत्ता पाचवीत असाल, तर आज लावलेल्या रोपाची पहिली फळं तुम्ही आठवी-नववीत असताना तोडायला येतील.