बांधकाम उद्योग : उपकर आहे, नोंद नाही

उद्योग हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर गिरणीचा भोंगा, धुराडे आणि पाळीला निघालेले कामगार उभे राहतात. बांधकामाला आपण सहसा उद्योग मानतच नाही. वस्तुतः केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीनुसार देशातील एकूण रोजगारात बांधकामाचा वाटा सुमारे १२ टक्के होता. कारखानदारीचा वाटा याहून किंचित कमीच भरला.

या उद्योगाची ढोबळमानाने तीन क्षेत्रे पडतात. पहिले इमारतींचे : घरे, कचेऱ्या, शाळा, रुग्णालये. यात लहान ठेकेदारांचा भरणा मोठा, आणि मागणी व्याजदर व जमिनीचे भाव यांबरोबर वरखाली होणारी. दुसरे सार्वजनिक कामांचे : धरणे, कालवे, रस्ते, पूल. कोयना धरणापासून २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गापर्यंतची कामे याच सदरातली. येथे ग्राहक बहुधा शासनच असते. तिसरे औद्योगिक उभारणीचे : वीजकेंद्रे, तेलशुद्धीकरण कारखाने. ही कामे विशेष यंत्रसामग्री व कौशल्य असलेल्या मोजक्या कंपन्यांकडेच जातात.

भांडवल, तंत्र आणि ग्राहक यांबाबत ही क्षेत्रे परस्परांहून भिन्न असली, तरी एका बाबतीत ती सारखीच आहेत. कारखान्यातून माल बाहेर पडतो आणि कामगार जागेवर राहतो. बांधकामात माल जागेवर राहतो आणि कामगार पुढच्या कामावर निघून जातो. पाया खोदणारा बिगारी स्लॅबच्या दिवशी तेथे नसतो. सेंट्रिंगचा सुतार गिलाव्याच्या वेळी नसतो. मुख्य कंत्राटदार काम पोटकंत्राटदाराला देतो, तो मुकादमाला देतो, आणि मुकादम गावाकडून अथवा मजूर अड्ड्यावरून माणसे आणतो. अशा स्थितीत आपला मालक नेमका कोण, हे खुद्द मजुरालाही सांगता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर बसविणारी यंत्रणा कोसळून २० जण मृत्युमुखी पडले. अशा अपघाताची निदान वार्ता होते. परांचीवरून पडणाऱ्या एकट्यादुकट्या मजुराची तीही होत नाही.

कामगार फिरता आहे हे ओळखूनच संसदेने १९९६ मध्ये दोन कायदे केले. बांधकाम खर्चावर १ ते २ टक्के उपकर घ्यावा आणि त्यातून नोंदणीकृत कामगारांना साहाय्य द्यावे, अशी ती योजना. प्रत्यक्षात दर १ टक्काच ठरला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम ठेवण्यात आली. कल्पना उत्तम होती. अंमलबजावणीबाबत मात्र १९ मार्च २०१८ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाला तीव्र नापसंती व्यक्त करावी लागली.

या अपयशाचे खापर केवळ नोकरशाहीच्या माथी फोडणे सोपे आहे. पण दोष योजनेच्या रचनेतही आहे. उपकर इमारतीवर बसतो, आणि इमारत लपत नाही. लाभासाठी मात्र मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला कामगाराने मिळवावयाचा असतो. वर्षभरात अनेक मुकादमांच्या हाताखाली राबलेल्या मजुराने हा दाखला कोणाकडे मागावा? परिणामी खरा गवंडी नोंदणीबाहेर राहतो, आणि ज्याने कधी थापी हातात धरली नाही असा मनुष्य दाखला पैदा करून लाभ घेऊ शकतो.

दाखल्याची अट काढून टाकल्यास खोट्या नोंदणीला ऊत येईल, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. म्हणूनच अट काढण्याऐवजी तिचा भार योग्य खांद्यावर टाकला पाहिजे. बांधकामास परवानगी देताना उपकराचा हिशेब होतोच. त्याच कामावरील मजुरांची मासिक यादी दाखल करण्याचे बंधनही मुख्य मालकावर घालावे, आणि ती दिल्याखेरीज इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये. मजुराचे दिवस त्याच्या खात्यावर आपोआप जमा व्हावेत, मग तो पुण्यात राबो की सुरतेत.

हे अव्यवहार्य नाही. प्रत्येक मुकादमाच्या खिशात हजेरीची वही असतेच, कारण आठवड्याचा पगार तिच्यावरूनच होतो. प्रश्न आहे तो त्या वहीला सरकारदरबारी मान्यता देण्याचा.