आप्त कोण? स्वयंसेवकांचा ज्ञानकोश आणि आपली दंडार

तंत्रज्ञानाच्या परिषदेत विकिपीडिया मांडायला कोणी उभं राहिलं, की संगणकाचा भाग दहा मिनिटांत उरकतो. मग मागून प्रश्न येतो, ‘यात कोणीही लिहू शकतो ना? मग विश्वास कसा ठेवायचा?’ हा प्रश्न तंत्राचा नाहीच. तो प्रमाणशास्त्राचा आहे, म्हणून आम्ही तो इथे घेतला.

न्यायदर्शनानं शब्दाला प्रमाण मानलं, पण अट घातली. सांगणारा आप्त हवा, म्हणजे विषय जाणणारा आणि जाणलं तेच सांगणारा. आपले जुने कोश या अटीवर उभे होते. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी कंपनी काढली, वर्गणीदार जमवले, महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. वाचकानं विश्वास टाकला तो केतकरांवर. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यात केतकर कोणी नाही. लिहिणाऱ्याचं नावसुद्धा पुष्कळदा टोपण! तिथे म्हणतात, तू कोण ते राहू दे, आधार दाखव. दुसऱ्याला तपासता येईल असा, प्रसिद्ध झालेला. शिवाय कोणी काय घातलं, काय खोडलं, ते ‘इतिहास’ या कळीखाली कोणालाही दिसतं. प्रश्नाला उत्तर द्यायचं ते हे.

पण बरं का, इथेच आपली अडचण सुरू होते. चुलबंद-वैनगंगेच्या या टापूत दंडार रात्रभर चालते. तिच्यात उभा जन्म काढलेला माणूस त्या विषयातला आप्तच. वात्स्यायनांनी भाष्यात सांगूनच ठेवलंय, की आप्ताचं लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, तिघांना सारखंच लागू. कोश मात्र या माणसाला विचारणार, छापलंय कुठे? म्हणजे या एका बाबतीत न्यायशास्त्र अधिक उदार ठरतं.

हा पेच फक्त आपला नव्हे. २०११ साली अचल प्रभला यांनी ‘पीपल आर नॉलेज’ हा माहितीपट केला. भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत लोकांचं तोंडी सांगणं ध्वनिमुद्रित करून तेच आधार म्हणून लावता येईल का, हा त्यांचा प्रयोग. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबई विद्यापीठात विकिपीडियाची भारतातली परिषद भरली, जिमी वेल्स स्वतः आले होते. भर अजूनही लिखित आधारावरच आहे. आम्हाला तो अडाणीपणा वाटत नाही, कारण तोंडचं तपासणं खरंच अवघड. पण मांडणाऱ्यानं सभेत ही उणीव लपवू नये. ‘जगातलं सगळं ज्ञान’ म्हणताना कुठलं बाहेर राहतं, तेही सांगावं.

मग आपण काय करायचं? साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीवर छापील काम करून ठेवलंय, त्याच्या आधारानं आजही लिहिता येईल. जे छापलं गेलं नाही, ते आधी ध्वनिमुद्रित करा. सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख नोंदवा. मग एखाद्या नियतकालिकात छापून आणा, आणि कोशात नोंद करणारा तिसराच कोणी असू द्या. क्रम उलटा झाला, तर नोंद उडायला वेळ लागत नाही.

बरं, आता प्रश्न घेऊ या.