बाहुलीघर : गोंदाची बाटली उघडण्याआधी

ईदीचे पैसे हातात आले किंवा शाळेला सुट्टी लागली की हल्ली काही मुले लाकडी बाहुलीघराचे किट मागतात. खोक्यावर दुमजली घराचे सुंदर चित्र असते. आत मात्र प्लायवुडच्या किंवा एमडीएफच्या सपाट पाट्या, सूचनांची पुस्तिका आणि बारीक तुकड्यांची पिशवी एवढेच निघते. पुष्कळ घरांत ही चवड दोन-तीन संध्याकाळी जमिनीवर पसरली जाते आणि मग कपाटावर जाऊन बसते. काही दिवस मूल विचारते, नंतर विचारायचे थांबते. आम्हाला वाटते, यात हातातल्या कलेचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा गोंदाची बाटली फार लवकर उघडलेली असते.

आधी माप ठरवा

बाहुलीघरांची दोन मापे जास्त चालतात. 1:12 म्हणजे खऱ्या घरातला एक फूट इथे एक इंच होतो. सहा फुटी माणूस सहा इंचांचा आणि दहा फूट उंच खोली दहा इंचांची. 1:24 मध्ये हे सारे आणखी निम्मे होते. विंडसर किल्ल्यातले राणी मेरीचे प्रसिद्ध बाहुलीघर 1924 मध्ये पुरे झाले, तेही 1:12 याच मापात. नवी दिल्लीच्या इमारतींचे आराखडे करणाऱ्या एडविन लुट्येन्स यांनीच ते रचले. त्याच्या नळांना पाणी येते आणि त्यातली लिफ्ट चालते. एकच माप शेवटपर्यंत पाळले, तर छोटे घरही खरे वाटते.

घरात मावेल असे पाहायचे तर 1:12 चे दुमजली घर अख्खे टेबल अडवते. 1:24 चे कपाटाच्या फळीवर राहते, पण त्यातली खुर्ची लहान मुलाच्या मुठीत सहज मोडते. साडेअकरा इंची बार्बी या दोन्हींत राहू शकत नाही, तिला 1:6 चे घर लागते. म्हणून पैसे देण्यापूर्वी मुलाला विचारावे : घर खेळायला हवे की मांडून ठेवायला? आणि पहिले किट साधेच घ्यावे. तीन-चार खोल्या, मागची बाजू उघडी. मनोरे आणि गोल जिने पुढच्या घरासाठी ठेवावेत.

गोंदाशिवाय उभे केलेले घर

सारे तुकडे एकदम पाट्यांतून काढू नयेत. सुटे झाले की कोणता कुठला ते कळत नाही. पुस्तिकेतल्या यादीशी ताडून पाहावे, दिसणार नाही अशा बाजूला पेन्सिलीने क्रमांक घालावा आणि लागतील तेवढेच काढावेत. अडकलेला तुकडा अंगठ्याने ढकलला तर प्लायवुडचा पापुद्रा निघतो. तिथे कटर फिरवावा, आणि ते काम मोठ्यांचे. मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलका हात द्यावा. एमडीएफची धूळ फार बारीक असते, म्हणून हे काम गॅलरीत, तोंडाला मास्क लावून करावे.

आता घर उभे करायचे, पण फक्त मास्किंग टेपने. एका फळीची पुढे आलेली जीभ दुसरीच्या खाचेत बसते. बसत नसेल तर जिभेची कड थोडी घासावी, हातोडी मारू नये. कोपरा सरळ आहे का ते गुण्याने तपासावे. गुण्या नसेल तर जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाचा कोपरा चालतो. खालचा एक कोपरा जरासा तिरका राहिला तर वर छताच्या वेळी मोठी फट पडते.

असे टेपवर उभे असलेले घर दोन-तीन दिवस तसेच ठेवावे. आमच्या घरी सगळ्यात मोलाचे बोलणे याच दिवसांत झाले. किट विलायती धाटणीचे होते, धुराडे आणि शेकोटीसकट. धाकटीने पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘यात वजू कुठं करायचं?’’ मोठीने दादीचा पलंग वरच्या खोलीत ठेवला, तर धाकटीने तो लगेच खाली आणला, कारण दादीचे गुडघे दुखतात. मग शेकोटीच्या जागी मोरी झाली, धुराडे लावायचे नाही असे ठरले आणि पुढच्या ओसरीला झोपाळ्यासाठी दोन हूक आले. त्या वेळी गोंद लावलेला असता तर यातले काहीच करता आले नसते. पाकिटावरचे घर त्या तीन दिवसांत मुलींचे घर झाले.

रंग, दिवे, मग गोंद

जागा ठरल्या की टेप सोडून घर पुन्हा सपाट करावे. हे मुलांच्या जिवावर येते, पण जोडलेल्या घराच्या जिन्यामागे ब्रश शिरत नाही. आतला रंग फळ्या आडव्या असतानाच द्यावा. जिभा आणि खाचांवर टेप लावून त्या कोऱ्या ठेवाव्यात. रंगाच्या थराने त्या घट्ट होतात आणि रंगावर गोंद नीट धरत नाही. पातळ फळीच्या एकाच बाजूला ओला रंग लागला तर ती वाकते, म्हणून दोन्ही बाजूंना अस्तराचा एक हात द्यावा. रंग पुरता वाळला की मध्ये कागद घालून फळ्या जड पुस्तकांखाली ठेवाव्यात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ धरावा.

दिवे हवे असतील तर तारा भिंतीचा कागद चिकटवण्याआधी बसवाव्यात. बॅटरीवरचे बारीक एलईडी पुरतात. बॅटरीची डबी मात्र स्क्रूने बंद होणारीच घ्यावी. बटणासारखी बॅटरी मुलाने गिळली तर जिवावर बेतते. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर बारीक तुकड्यांची पिशवीही उंचावर ठेवावी.

गोंद शेवटी. साधा लाकडाचा पांढरा फेविकॉल उत्तम, कारण फळी सरळ करायला तो काही मिनिटे देतो. क्षणात चिकटणारा गोंद ती सवड देत नाही आणि बोटेही चिकटवतो. पातळ रेघ ओढावी, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसावा, टेप लावून रात्रभर हात लावू नये. आधी तळमजला आणि भिंती, मग मधली फळी आणि जिना, सर्वांत शेवटी छत.

घाई करणारे आपणच

मुलांपेक्षा मोठ्यांनाच घर लवकर पुरे व्हायला हवे असते. मूल झोपल्यावर अब्बा एकटेच दोन भिंती जोडून टाकतात आणि सकाळी मुलाकडे फक्त पाहण्याचे काम उरते. आम्ही एक नियम केला : मुली बसल्या नसतील तेव्हा खोके उघडायचे नाही. आठवड्यात दोन संध्याकाळी, तासभर. क्रमांक घालणे, टेप लावणे, घासणे, रंगवणे ही कामे मुलींची. कटर आणि तारा आमच्याकडे. या चालीने छोट्या घरालाही काही आठवडे लागतात. एखादा रंग रेघेबाहेर जातो. तो तसाच राहू द्यावा, पुसून सफाईदार करायला जाऊ नये.

सामानाची खरेदी लगेच करू नये. काडेपेटीचे खण कपाट होतात, शिंप्याकडच्या चिंध्यांची चादर होते, दंतमंजनाचे झाकण बादली होते. दुकानातली तयार खुर्ची पुढच्या ईदीपर्यंत थांबू शकते.