कपडा कोठें शिवला जातो?

आपला कापूस बाजारांत नेणारा शेतकरी वजन, प्रत व भाव यांची चौकशी कसून करतो. तोच गृहस्थ दिवाळीस मुलांकरितां तयार कपडे घेतो, तेव्हां मात्र ते कोणीं शिवले व शिवणाऱ्यास काय मिळालें, हें विचारीत नाहीं. या गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

मुंबईच्या गोवंडी उपनगरांत, देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरालगत, शिवाजीनगर व बैंगनवाडी या वस्त्या आहेत. तेथें शिवणाचे व जरीकामाचे लहान लहान कारखाने चालतात. एकाच खोलींत काम, तेथेंच जेवण व तेथेंच निजणें, असा पुष्कळ कारागिरांचा क्रम असतो. मजुरी बहुधा रोजावर नसून नगावर मिळते. जरीकामांत पूर्वीं लहान मुलेंही राबविलीं जात. २००५ सालीं मुंबईंत छापे पडून त्यांतील पुष्कळांची सुटका झाली. पुढें २०१६ च्या दुरुस्तीनें, घरच्या धंद्यासारखे अपवाद वगळतां, १४ वर्षांखालील मुलांस कामास लावणें सर्वत्र निषिद्ध ठरलें.

याचें कारण शोधूं गेल्यास तें आपल्या ओळखीचेंच निघतें. व्यापारी ठेकेदारास काम देतो, ठेकेदार पोटठेकेदारास. प्रत्येकजण आपला वांटा काढून घेतो आणि उरेल तें कारागिराच्या हातीं पडतें. दलालांची सांखळी शेतकऱ्यास नवी नाहीं!

बांगलादेशांत २४ एप्रिल २०१३ रोजीं राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेंहून अधिक माणसें मेलीं. तेव्हां ग्राहकांनीं व मजूरसंघांनीं जाब विचारला, म्हणूनच मोठ्या कंपन्यांना कारखान्यांच्या तपासणीचा करार करावा लागला. आपल्याकडेही अखिल भारतीय चरखा संघानें १९३५ सालीं खादी महागेल हें जाणून कातणाऱ्यांची मजुरी वाढविली होती.

गोवंडीचा माल घेऊं नये, असें आमचें म्हणणें नाहीं; तसें केल्यास गरिबाची भाकरीच जाईल. परंतु दुकानदारास कारखान्याचें नांव विचारावें. अतिशय स्वस्त कपडा दिसल्यास ती सूट कोणाच्या मजुरींतून निघाली, याचा विचार करावा. शाळेचे गणवेष गांवानें एकत्र मागवून, शिलाईचा दर आधीं ठरवून, गांवच्या शिंप्याकडूनच शिवून घ्यावे. आपल्या कापसास रास्त भाव मागणाऱ्यानें शिवणाऱ्याच्या घामासही रास्त दाम द्यावा, हेंच न्यायाचें होय.