बोरविहीरची प्रतीक्षा

मुलगा सैन्यात दाखल झाला, की घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात एक धास्ती कायमची वस्तीला येते. धुळे जिल्ह्यातील बोरविहीर येथील एका घराने २०१६ साली ती प्रत्यक्ष भोगली.

चंदू चव्हाण हा या गावचा तरुण जवान. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने आजी-आजोबांनीच त्याला वाढविले. थोरला भाऊही सैन्यातच. ३७ राष्ट्रीय रायफल्समध्ये असलेला चंदू २९ सप्टेंबर २०१६ रोजी नियंत्रण रेषेपलीकडे गेला आणि पाकिस्तानी सैन्याच्या हाती सापडला. अनवधानाने सीमा ओलांडण्याचे प्रसंग दोन्ही बाजूंनी घडतात व माणसे परतही पाठविली जातात. परंतु सर्जिकल स्ट्राइकची घोषणा नेमकी त्याच दिवशी झाली होती. अशा वेळी घरच्यांनी धीर कोठून आणावा?

ही वार्ता कानी पडताच आजीला धक्का बसला आणि त्यातच तिचे निधन झाले. चंदू परतल्यावाचून तिच्या अस्थींचे विसर्जन करायचे नाही, असे घरच्यांनी ठरविले. अंत्यविधी वेळेवर उरकण्याची आपल्याकडे रीत आहे. ती थांबविणे म्हणजे तो येणारच, असे स्वतःला रोज बजावणे होते.

धुळ्याचे खासदार डॉ. सुभाष भामरे तेव्हा संरक्षण राज्यमंत्री होते. त्यांनी सुटकेसाठी पाठपुरावा केला. अखेर २१ जानेवारी २०१७ रोजी, जवळजवळ चार महिन्यांनी, चंदूला वाघा सीमेवर भारताच्या स्वाधीन करण्यात आले. मार्चमध्ये तो गावी आला; पण ज्या हातांनी त्याला वाढविले, ते स्वागताला नव्हते. आजीच्या अस्थींचे विसर्जन तेवढे त्याची वाट पाहत राहिले होते. पुढे त्याला लष्करी न्यायालयालाही सामोरे जावे लागले. सैन्याची शिस्त आणि घराची माया यांची मापे निराळी असतात.

आपल्या घरांतील मुलेही शिक्षण-व्यवसायासाठी दूरदेशी जातात. एक दिवस फोन आला नाही, तरी आईला घास गोड लागत नाही. जवानाच्या घरी असे अबोल दिवस कितीतरी येतात. जळगाव-धुळ्याच्या बाजारात कापूस घेऊन येणाऱ्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याचा मुलगा वा नातू आज सीमेवर असू शकेल. भाव सांगण्यापूर्वी त्याला बसावयास सांगून मुलाची खुशाली विचारावी. त्या घराच्या प्रतीक्षेत आपण एवढे तरी सहभागी होऊ शकतो.