प्रक्रियात्मक न्याय आणि निर्णयाविषयीचे समाधान

प्रस्तावना

माणसाचे समाधान त्याच्या पदरात काय पडले यावरच अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. जे. स्टेसी ॲडम्स यांनी १९६५ मध्ये समता सिद्धांताची सविस्तर मांडणी करून त्यात तुलनेची भर घातली. आपले योगदान व मोबदला यांचे प्रमाण इतरांच्या प्रमाणाशी जुळले नाही, तर असंतोष निर्माण होतो. हा वितरणात्मक न्यायाचा विचार होय. मात्र वाटा कोणत्या रीतीने ठरला, हा प्रश्न त्यात मागे राहतो.

प्रक्रियेचे महत्त्व

जॉन थिबो व लॉरेन्स वॉकर यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की, स्वतःची बाजू मांडण्याची संधी मिळालेल्या पक्षकारांना निकाल विरुद्ध जाऊनही प्रक्रिया अधिक न्याय्य वाटते. जेराल्ड लेव्हेंथाल यांनी १९८० मध्ये न्याय्य प्रक्रियेचे सहा निकष सांगितले: सातत्य, निःपक्षपातीपणा, माहितीची अचूकता, चूक दुरुस्त होण्याची सोय, संबंधितांचे प्रतिनिधित्व आणि नैतिकता.

जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० मधील अमेरिकी कारखान्यांचा अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के वेतनकपात झाली. दोन्हीकडे चोऱ्या वाढल्या. परंतु जेथे कारणे आकडेवारीसह व सहानुभूतीने समजावून दिली, तेथे ही वाढ बरीच कमी होती. कपात समान, वागणूक मात्र भिन्न होती.

ॲलन लिंड व टॉम टायलर यांच्या १९८८ मधील मांडणीनुसार, सन्मानाची वागणूक व्यक्तीला समूहातील तिच्या स्थानाची ग्वाही देते. म्हणूनच प्रतिकूल निर्णयाच्या वेळी तिचे मोल अधिक असते.

शैक्षणिक संदर्भ व मर्यादा

माहितीच्या अधिकाराखाली परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. पाहिल्याने गुण वाढतीलच असे नाही. पण ते कसे मिळाले हे कळते. अंतर्गत मूल्यमापनातही निकष आधी जाहीर करणे, सर्वांना तेच लावणे व शंकेला सकारण उत्तर देणे एवढे प्राध्यापकांच्या हाती निश्चितच आहे.

तथापि, ऐकून घेण्याचा केवळ देखावा केल्यास असंतोष उलट वाढतो. तसेच चांगली वागणूक हे अन्याय्य निर्णय पचवून घेण्याचे साधन ठरता कामा नये.

निष्कर्ष

प्रक्रियात्मक न्याय हा वितरणात्मक न्यायाला पर्याय नसून पूरक आहे. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याचाही मूल्यमापनावर विश्वास राहतो का, हीच त्याची खरी कसोटी होय.